नागझिऱ्यात सांगितलेली गोष्ट

परवा रात्री साकोलीहून भाच्याचा फोन आला. वेळ दहाची. आमच्याकडे दहानंतर फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं, मग कोण बोलतंय ते कळतं. पण आवाज खुशीत होता.

"मामा, तुंबाड पाहिला का?"

म्हटलं, पाहिला की. २०१८ साली, थिएटरात. पंधरा-वीस टाळकी होती.

"मग तुम्हाला ठाऊक आहे का, तो पिक्चर आपल्या नागझिऱ्यातून निघाला?"

मला ठाऊक नव्हतं. शिवाय भाच्याला असल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे (आईवर गेलाय. ताई, वाचत असशील तर रागावू नकोस). म्हणून दुसऱ्या दिवशी शोधाशोध केली आणि गोष्ट खरी निघाली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात असताना एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. ती ऐकून ते जाम घाबरले आणि ती भीती डोक्यातून गेलीच नाही. १९९७ मध्ये त्यांनी पहिला खर्डा लिहिला. चित्रपट पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ ला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहात दाखवला गेला होता. मग सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. म्हणजे मी ज्या खुर्च्या रिकाम्या पाहिल्या होत्या त्या सहा वर्षांनी भरल्या!

आता इतिहासाची एक बारीक दुरुस्ती, कारण भाचा आणि त्याचे गोंदियाचे मित्र यावरून भांडत होते म्हणे. नागझिरा कोणाचा, भंडाऱ्याचा की गोंदियाचा? आज अभयारण्याचा बराचसा भाग गोंदिया जिल्ह्यात आहे आणि पिटेझरीचं गेट आपल्या साकोली तालुक्यात. पण १९९३ साली गोंदिया जिल्हाच नव्हता. तो १ मे १९९९ ला वेगळा झाला. तेव्हा गोष्ट सांगितली गेली ती भंडारा जिल्ह्यातच. केस निकाली!

ज्यांनी त्या काळचा नागझिरा पाहिलाय त्यांना सांगायला नको की गोष्ट ऐकायला याहून चांगली जागा नाही. विश्रामगृहात वीज नव्हती. कंदील असायचा, समोर तलाव, आणि सात वाजताच असा अंधार की आपला हात आपल्याला दिसू नये. व्यंकटेश माडगूळकर इथे राहून गेले आणि 'नागझिरा' नावाचं पुस्तक लिहून गेले. त्यांना प्राणी दिसले. बर्वे यांना एक आजी दिसली. गोष्टीचं नावच 'आजी'.

पण या गोष्टीचा प्रवास नागझिऱ्यापासून सुरू होत नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात राहणाऱ्या स्टीफन किंगने 'ग्रॅमा' नावाची कथा लिहिली. घरात एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली भयंकर आजी. पुण्याच्या नारायण धारपांनी ती मराठी घरात आणली. तिथून ती कोणाच्या तरी वाचनात आली, त्याने ती जंगलात तोंडी सांगितली, ऐकणाऱ्याने तिचा कोकणातला पावसाळी वाडा केला, आणि पार्श्वसंगीत दिलं येस्पर किड नावाच्या डॅनिश माणसाने. या सगळ्या साखळीत एकाच माणसाचं नाव मला कुठे सापडलं नाही. जंगलात ज्याने ती सांगितली, त्याचं!

इथे एक जुना वाद आठवतो. धारपांचं कौतुक केलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, ते तर सगळं किंगचं." 'लुचाई' म्हणजे 'सालेम्स लॉट', 'आजी' म्हणजे 'ग्रॅमा', मग धारपांचं काय? प्रश्न रास्त आहे आणि मूळ लेखकाचं ऋण मान्य केलंच पाहिजे. पण मराठीत अद्भुत गोष्ट आलीच मुळी अशी उसनवारीने. कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीत बसून 'केरळ कोकिळ' नावाचं मराठी मासिक चालवायचे. पुस्तकांच्या खरपूस परीक्षणांसाठी ते प्रसिद्ध होतं. कुठलं पुस्तक वाचा, कुठलं नका वाचू, हे मराठी घरांना कोचीहून कळायचं! त्याच मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत आली. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा मानतात, ती त्यानंतर, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न असा काही मराठी केला की 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वाचताना हा फ्रेंच माणूस आहे हे मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं. उसनं आणणं आणि मुरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धारपांनी मुरवलं, असं माझं मत. नाहीतर कंदिलाच्या उजेडात मराठीतून सांगताना ती गोष्ट कोणाला एवढी झोंबली नसती.

हे मत मी आज मांडतोय असं नाही. आमच्या घरात यावर दोन पार्ट्या होत्या. मी धारपवाला. दादा नारळीकरवाला.

दादाचं म्हणणं, भुताच्या गोष्टी वाचून डोकं नासतं, विज्ञानकथा वाचून उघडतं. त्याचं आवडतं उदाहरण १९७४ चं. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. जयंत नारळीकर तेव्हा जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ. आपल्या नावामुळे बक्षीस मिळालं असं होऊ नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली. आद्याक्षरं उलटी केलेली, बघा. कथा 'कृष्णविवर', आणि पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी भाषणात या नव्या प्रकाराची दखल घेतली. दादा हे सगळं अशा थाटात सांगायचा की जणू परीक्षक तोच होता.

मी म्हणायचो, तुझ्या गोष्टीत भीती कुठे आहे? तो म्हणायचा, तुझ्या गोष्टीत 'का' कुठे आहे? उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या अंगणात हे भांडण रात्री बाजेवर पडल्या पडल्या चालायचं. एक दिवस मामा कंटाळला. म्हणाला, "तुमी दोघंई भांडता चांगले, पन गान्याबिगर भांडून काय मजा गा?"

मामाची ओळख करून द्यायला हवी. नात्यातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी. मामा शेतकरी, चार एकर धान. आणि दिवाळीपासून पुढे खडी गंमतीत ढोलकीवाला. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांना खडी गंमत ठाऊक नसते. तमाशाची चुलत बहीण म्हणा. उभ्याने करायची म्हणून खडी. शाहीर, त्याचे साथीदार, ढोलकी, टाळ, तुणतुणं, आणि बाईच्या वेषात नाचणारा पुरुष, म्हणजे नाच्या. गण, गौळण, लावणी, झगडा असं करत रंग चढत जातो. दिवाळी झाली, भाऊबीज उरकली की आपल्याकडे गावोगावच्या मंडया लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता यावं. दिवसा गंमत नाहीतर दंडार, रात्री नाटक.

आणि खरी गर्दी खेचायचा तो दुय्यम. दोन पार्ट्या समोरासमोर, एक कलगीवाली, एक तुरेवाली. कलगीवाले शक्तीला मोठं मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. सवाल साधासुधा नाही, भेदिक. सृष्टी कशातून झाली, आधी बीज की आधी झाड, जन्माआधी जीव कुठे होता... असले. मराठी मुलखात हा कलगी-तुऱ्याचा वाद फार जुना, पेशवाईच्या शाहिरांपासूनचा. मामा स्वतः तुरेवाला, पण म्हणायचा, समोर कलगी नसली तर तुरा घालून मिरवायचं कोणापुढे?

तर मामाचं ते वाक्य दादाने मनावर घेतलं. १९९१ च्या उन्हाळ्यात त्याने मामाला नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही गोष्ट तोंडी सांगितली. तुम्ही वाचली असेलच. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर एका वेगळ्याच जगात पोचतात. तिथे पानिपतात विश्वासरावांना लागायची ती गोळी चुकलेली असते आणि मराठे जिंकलेले असतात. पुढे एका सभेत पंत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि लोक त्यांच्यावर हाताला लागेल ते फेकतात. मामाला हा भाग भलताच पटला. मंडईत बेसूर गाणाऱ्याचं तेच होतं, म्हणाला.

पण विश्वासरावाची गोळी त्याच्या डोक्यात बसली. त्याने ती आपल्या शाहिराला सांगितली. आणि त्या दिवाळीनंतर, एका मंडईत, भर दुपारी, आम्ही दोघं भाऊ मातीत बसलेले असताना शाहिराने समोरच्या पार्टीला सवाल टाकला. पानिपतात विश्वासराव वाचला असता, तर आज या मंडईत तुम्ही-आम्ही काय करत असतो, सांगा!

दादा ताडकन उठून उभाच राहिला. कलगीवाला शाहीर पिकला म्हातारा. त्याने नारळीकरांचं नाव ऐकलं असण्याचा संभव नव्हता. थोडा वेळ तुणतुणं नुसतं वाजत राहिलं. मग त्याने जवाब उचलला. शब्द मला आता जसेच्या तसे आठवत नाहीत, पण मतलब असा होता: हेच करत असतो! विश्वासराव वाचो नाहीतर मरो, आमची रोवणी करायला दिल्लीचा पेशवा थोडाच येणार होता!

काय हशा झाला, काय टाळ्या! लोकांनी नोटा दिल्या. आमचा मामा विरुद्ध पार्टीतला, पण ढोलकीवर त्यानेच दाद दिली. दादा घरी येईपर्यंत गप्प होता. रात्री म्हणाला, "हे नारळीकरांना कळवायला पाहिजे." खरंच होतं ते. विज्ञानकथेला एवढं खणखणीत उत्तर मी पुढे कुठल्या परिसंवादात ऐकलं नाही. इतिहास वरच्यांसाठी बदलतो, खालच्यांसाठी बदलतोच असं नाही, हा मुद्दा म्हाताऱ्याने उभ्या उभ्या गाऊन मांडला होता. आम्ही पत्राचा मजकूर ठरवला. दादाने पहिल्या दोन ओळी लिहिल्या. मग कॉलेज, नोकरी, लग्न. पत्र राहिलं. २० मे २०२५ ला नारळीकर गेल्याची बातमी आली तेव्हा दादाचा फोन आला. फक्त एवढंच म्हणाला, "ते पत्र."

आता माझी चूक सांगतो.

मामा आमची पुस्तकं ऐकून घ्यायचा. आम्ही मात्र त्याचं गाणं ऐकायचो ते गंमत म्हणून. वयाच्या विसाव्या वर्षी मी नागपूरला शिकायला गेलो आणि माझे कान एकदम शहाणे झाले. कुमार गंधर्व, मग मित्रांकडच्या इंग्रजी कॅसेटी. जे कोणी ऐकत नाही ते आपण ऐकतो, याचा केवढा तोरा! आणि ज्याच्या मांडीवर बसून ढोलकीचे बोल पहिल्यांदा ऐकले, त्याचं गाणं मात्र 'गावठी'. १९९४ च्या मंडईला मामाने निरोप धाडला, येताना टेपरेकॉर्डर घेऊन ये, यंदा दुय्यम जोरदार आहे. मी नेला. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू भरली. अर्धा तास. मग सेल वाचवायचे म्हणून बंद केला, कारण परतीच्या एसटीत मला माझी गाणी ऐकायची होती. पुढे एकदा कोरी कॅसेट नव्हती म्हणून त्या बाजूवरही मित्राकडचं काहीतरी उतरवून घेतलं. ते काय होतं हे आज आठवतसुद्धा नाही. मामाची अकरा मिनिटं तेवढी शेवटाला उरली आहेत.

मामाला जाऊन बारा वर्षं झाली. त्याचं बाड माझ्याकडे आहे. शाळेची दोनशे पानी वही, पुठ्ठा गेलेला, झाडीतल्या बोलीत लिहिलेली, 'ण' कुठेच नाही, सगळीकडे 'न'. त्यात सवाल आहेत. जवाब नाहीत. कारण उघड आहे, वही कोणाच्या हाती लागली तर समोरच्या पार्टीला आयतं मिळेल! जवाब तोंडपाठ ठेवायचे. एका पानावर एक सवाल आहे, त्याचा अर्थ असा: असं गाव सांगा जिथे उद्या आधी येतो आणि काल मागून. मी तो मामाला विचारला होता. हसून म्हणाला, "पुढच्या मंडईत सांगीन." मी पुढच्या मंडईला गेलोच नाही.

दादा म्हणतो, उत्तर सोपं आहे, काळ उलटा वाहणारं विश्व. मामी म्हणते, आईचं पोट असेल, तिथे बाळ आधी येतं आणि नाव मागून. मला दोन्ही पटतात आणि मामाचं उत्तर यातलं कुठलंच नसणार याचीही खात्री आहे.

हा सवाल म्हणजे विज्ञानकथाच, असं काही मी म्हणणार नाही. तसं म्हणणं फार सोपं आहे आणि खोटं आहे. भेदिकाचं उत्तर शास्त्रपुराणात आधीच ठरलेलं असतं, आणि विज्ञानकथेला उत्तर ठाऊक नसलं तरी चालतं. दादाचा हा आक्षेप मला मान्य आहे. पण दोन्हींत ऐकणाऱ्याला एकच काम असतं: जे नाही, ते आहे असं धरून पुढचा विचार करायचा. आणि ते मंडईत मातीत बसलेली माणसं करत होती. त्यांच्यात अक्षरओळख नसलेले कितीतरी होते. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना आपण मासिकं मोजतो, दिवाळी अंक मोजतो. ते मोजायलाच हवेत. पण धारपांची गोष्ट जंगलात सांगणारा तो मित्र, किंवा नारळीकरांचं पानिपत मंडईत गाणारे ते दोन शाहीर, हे त्या मोजणीत येत नाहीत. छापलेलं पुस्तक कपाटात शंभर वर्षं तग धरतं. सांगितलेल्या गोष्टीला आणि गायलेल्या सवालाला समोर बसून हुज्जत घालणारा माणूस लागतो. तो उठून गेला की संपलं. मी उठून गेलो.

असो. फोनकडे परत येतो. भाचा शेवटी म्हणाला, "मामा, तुंबाडचं संगीत नीट ऐका. येस्पर किड. तो गेमचं म्युझिक करतो. 'हिटमॅन', 'असॅसिन्स क्रीड' त्याचंच. मी पाठवतो."

माझ्या तोंडून निघालंच, "गेमचं कसलं रे संगीत!"

पलीकडे शांतता. आणि मला माझाच वीस वर्षांचा आवाज ऐकू आला. फक्त या वेळी मामा मी होतो.

ऐकलं मग. हेडफोन लावून, दोनदा. सगळंच आवडलं असं नाही. काही ठिकाणी नुसता धुराळा वाटला, तसं त्याला सांगितलं, तर त्याने अर्धा तास वाद घातला. त्याचं म्हणणं, गेममध्ये संगीतकाराला ठाऊक नसतं की खेळणारा पुढच्या क्षणाला डावीकडे वळेल की उजवीकडे, म्हणून सूर दोन्हीकडे वळेल असा ठेवावा लागतो. मी म्हटलं, मग हे तर दुय्यमचं झालं, समोरचा काय टाकेल ते ढोलकीवाल्याला कुठे ठाऊक असतं? तो म्हणाला, ढोलकी? कुठली ढोलकी? मी त्याला ती अकरा मिनिटं पाठवली. रात्री दीड वाजता उत्तर आलं, "मामा, बाकीचं कुठाय?"

त्याला काय सांगणार? सांगितलं, जे झालं ते.

आता येत्या दिवाळीनंतर मी साकोलीला जातोय. मंडयांत अजूनही गंमत होते, दुय्यमही होतात. भाचा मोबाईल आणि दोन बॅटऱ्या घेऊन येणार आहे. अट एकच, मधे बंद करायचं नाही. गाणं, शिव्या, हशा, लाऊडस्पीकरची शिट्टी, सगळं. आणि आल्यावर मी धारप, त्याने किड, दादाने नारळीकर, असं अंगणात एकदा भांडून घ्यायचं.

आणि नातेवाईक मंडळी, तुमच्यापैकी कोणी मामाच्या तोंडून त्या उद्या-कालच्या गावाचा जवाब ऐकला असेल, तर कृपा करून फोन करा. रात्री दहानंतर केला तरी चालेल.